आपलीच गाडी

इकडे परदेशात, ग्वेल्फमध्ये गाडी बिघडली की आम्ही मराठी लोक एका मराठी मेकॅनिकच्याच गॅरेजमध्ये जातो, कारण तो आपला माणूस. त्याचं सगळंच ‘आपलं’ असतं: आपली कॉफी, आपला पाना, आपला स्नो. मान डोलावतो, ऐकत मात्र काही नाही.

माझ्या जुन्या व्हॅनला त्याने दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला. चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या टोकाचा जुना योक, म्हणजे जोडतुकडा, त्यात जाईना, दाते जुळतच नव्हते. हा पठ्ठ्या हातोड्याने ठोकत सुटला.

“अहो, जुळणारा योक मागवा ना!”

“ताई, टेन्शन नको. आपलीच गाडी आहे, बसवतो की!”

माझं डोकंच फिरलं. “मग उद्या तुमच्या मुलीला हिच्यातून हायवेवर पाठवा.”

हातोडा थांबला. “तिला कशाला? गाडी तुमची आहे.”