तिची चूक मले परत द्या

एकच काम दोनदा करावं लागू नये म्हणून आमचे इवाई जेवढे कष्ट उपसतात, तेवढे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी कशासाठीच उपसत नसेल. इवाई म्हणजे व्याही. माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या घरी, बाभुळगावला दिली आहे. शाळेत बँड शिकवून ते निवृत्त झाले आणि आता कॉम्प्युटरवर लग्नातल्या बँडवाल्यांसाठी नोटेशन लिहितात. त्यांच्या प्रोग्राममध्ये सूर अक्षरांनी आणि आकड्यांनी टाइप करायचे असतात. मग कॉम्प्युटर ते रेघांवर मांडतो आणि वाजवूनही दाखवतो. पुन्हा पुन्हा येणारा तुकडा इवाई एकदाच लिहितात, त्याला नाव देतात आणि पुढे नुसतं नाव टाकतात. नावंही कशी? वरातीतला एक तुकडा 'मामा रुसला', दुसरा 'घोडी बिचकली'.

ही सवय कॉम्प्युटरपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. पण फोनवर ते नुसतं "नेहमीचं!" म्हणतात, त्यात रामराम, तब्येत, पाऊसपाणी सगळं आलं असं आपण समजायचं. मी आर्णीत जुन्या दुचाक्यांचा धंदा शून्यातून उभा केला तो तोंडाच्या जोरावर. माझा आवाज चढला की समोरचा भाव सोडतो. पण लग्नाच्या बैठकीत मंडपाच्या खर्चावरून माझा आवाज असा चढला, तर हे गृहस्थ सुपारी कातरत म्हणाले, "इवाई, तुमच्या या भाषनाचं नाव मी तांडव ठेवलं. तांडव झालं समजा, आता पुढचं बोला." बैठक पोट धरून हसली. माझी बायकोसुद्धा पदराआड हसत होती. माझी जन्माची कमाई या माणसाने एका शब्दात गुंडाळली, हा सल अजून गेलेला नाही.

पुढे माझी बायको गेली. मुलीला निजवताना ती एक पाळणा म्हणायची, तिचा स्वतःचाच. तो माझ्या डोक्यातून थोडा थोडा निसटतोय असं वाटायला लागलं, तेव्हा मी बाभुळगाव गाठलं. माझ्या घोगऱ्या आवाजात चाल गुणगुणलो, इवायांनी टाइप केली. कॉम्प्युटरने वाजवली आणि माझं डोकं फिरलं.

"हा सूर तिचा नाही जी!"

"तिथं सूर उतरून राह्यला होता, तो मी नीट केला. एका जागी बदलला का सगळ्या कडव्यांत आपोआप नीट," इवाई कौतुकाने म्हणाले.

"कोनं सांगतलं तुमाले नीट कराले? ते तसंच म्हने!"

"अहो, पन चूक हाये ते."

"चूक असंन तं तिची हाये. तिची चूक मले परत द्या!"

इवायांनी एक अक्षर बदललं, आणि सगळ्या कडव्यांत सूर तिच्यासारखा उतरला. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होता, पण चाल तिची होती. मला आठवत होती तेवढी कडवी संपली, कॉम्प्युटर थांबला. गाणं मात्र थांबलं नाही. आत भाकरी थापता थापता मुलगी पुढे म्हणत होती, तोच सूर तस्साच उतरवत:

"बाप गेला बजाराले, भांडून भांडून येईन,
दारात तुले पाह्यलं का आवाज लहान होईन."

हे कडवं मी कधीच ऐकलं नव्हतं. ते मी घरी नसतानाच म्हटलं जात असणार.

"लिहा ना," मी हळू आवाजात म्हणालो.

इवायांनी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. "म्हनू द्या जी तिले आधी."

पण आम्ही ऐकतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती लाजून थांबली. सांगून तिला ते म्हणता येत नाही, म्हणते, "बाबा, हात कामात असले का आपोआप येते." म्हणून मी हल्ली काही ना काही कारण काढून बाभुळगावला जातो. स्वयंपाकघराच्या बाजूची खुर्ची धरतो. इवाई पंखा बंद करतात, आणि आम्ही दोघे आत कान लावून बसतो.