उपग्रह म्हटले मी तिला

बीडहून परतताना माझी दमणी दिंद्रुडच्या आमच्या दारी थांबली, तेव्हा उंबऱ्यात सासूबाई उभ्या होत्या. एरवी तिथे सगुणा असे. "ताप आला, तिसऱ्या दिशी गेली..." एवढेच त्या म्हणाल्या. माजघरात तिच्या मिश्रीचा उग्र-गोड वास रेंगाळत होता. आज दीड महिन्यानंतर तोही विरला आहे.

सगुणा माझी पाठराखीण. लग्न होऊन मी चौसाळ्याहून निघाले, तेव्हा परक्या घरी सोबत म्हणून आईने तिला माझ्या गाडीत बसवले. पाठराखणीने पाच दिवसांनी परतायचे, अशी आमच्याकडची रीत. सगुणेला नवऱ्याने टाकले होते; भावाने मात्र आपल्या घरामागे तिच्यापुरते ठिकाण करून दिले होते, आणि तिचा सारा जीव तिकडे होता. सहाव्या दिवशी भाऊ तिला न्यायला आला. मी तिचा पदर धरून रडले... तो एकटाच परतला. पुढे तो दरसाल येई. सासूबाई हसत, "लोकाच्या घरी सुनंचा मुराळी येतो, आमच्याकडं पाठराखणीचा आलाय!" मी म्हणे, एवढा पोळा होऊ दे. एवढे बाळंतपण होऊ दे. तो पाणी पिऊन निघून जाई. अशी एकवीस वर्षे गेली.

तेव्हाच्या सरकारी हुकमाप्रमाणे माझे वडील शाळेत सारे उर्दूतून शिकवीत. घरी मला आकाश दाखवीत ते मात्र मराठीतून. उपग्रह हा शब्द त्यांनीच दिला. थोराभोवती निष्ठेने फिरतो तो उपग्रह, असे ते सांगत. त्या शब्दाच्या नादाला भुलून मी सगुणेवर कविता रचली आणि ती ज्वारी पाखडत असताना तिला वाचून दाखवली. तिने सूप थांबवले.

"चांदोबा पिरथिमीभवती फिरतो, बरं हाय. पर बाईसाब, त्यो घरी कवा जातो?"

"त्याला घर नसते, सगुणा."

"कावून नसंल? कुनी इचारलं का त्याला?"

मी हसले. कविता मासिकात छापून आली.

गेल्या आठवड्यात तिची लुगडी घेऊन मी चौसाळ्याला तिच्या भावाच्या घरी गेले, आयुष्यात प्रथमच. परसात एक छपरी होती, आत इवलीशी चूल, नुकतीच सारवलेली. शेणामातीचा गारवा पायांना जाणवला.

"तुमी कोन?" भावजयीने विचारले.

मला नाव सांगवेना. "मी... सगुणेसोबत असे."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "वन्संची चूल हाय ही. दर सनाला सारवून ठिवतो. औंदा नक्की येते म्हनल्या हुत्या."

"पण आता कशाला सारवलीत?"

"हात जातोच की वो."

मी चुलीच्या काठावर बोट टेकवले. माती ओली होती, ठसा उमटला. भावजयीने पोतेरे भिजवले, माझा हात हळूच बाजूला केला आणि ती जागा पुन्हा सारखी करून टाकली.