सोळा सेकंदांचा हिरवा दिवा

चेन्नईच्या एका संरक्षण कारखान्यात दिनानाथ खांबेटे यांनी चौतीस वर्षे एकच काम केले : इतरांनी बनवलेल्या वस्तू मोजणे. नट असो, खीळ असो वा यंत्राचा आस, त्यांच्या टेबलावर आलेली वस्तू प्रथम रॉकेलने धुतली जाई, मऊ फडक्याने पुसली जाई, खोलीच्या ठरावीक तापमानाला निवू दिली जाई, आणि मगच मापली जाई. तीही तीन वेळा. "मळक्या वस्तूचे माप हे वस्तूचे नसून मळाचे असते," असे ते म्हणत. मापात उतरली तर हिरवी चिठ्ठी, न उतरली तर लाल. लाल चिठ्ठी एकदा बांधली की ती सोडवण्याची प्राज्ञा साक्षात कारखान्याच्या प्रमुखांचीही नव्हती.

निवृत्तीनंतरही हा स्वभाव निवृत्त झाला नाही. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत नारायणस्वामी नावाच्या गृहस्थांचे छोटे वर्कशॉप होते. तेथे दिनानाथ सकाळचे चार तास तपासनीस म्हणून जाऊ लागले, आणि जात ते सायकलने. बस वेळेवर येत नाही म्हणून बस वर्ज्य. ऑटोचा प्रश्न अधिक तात्त्विक होता. चेन्नईच्या ऑटोंना मीटर असे, परंतु त्यावर फडके गुंडाळलेले असे, आणि मोजण्याचे साधन असूनही जे वाहन मोजत नाही त्यात बसणे दिनानाथांना देवळात चपला घालून जाण्यासारखे वाटे. सायकल गेली तर वर्कशॉप गेले, आणि वर्कशॉप गेले तर दिवसभर घरातील डबेच मोजायचे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या पत्नीला, कमलिनीबाईंना, ते त्याहूनही अधिक ठाऊक होते.

सायकलवर संकट आले ते वांग्यांमुळे. दर शुक्रवारी कमलिनीबाई कॅरिअरवर बसून दिनानाथांबरोबर बाजाराला जात. वाटेत वसाहतीकडे वळणारा मोठा चौक लागे. कार्तिकातल्या एका शुक्रवारी हिरवा दिवा लागल्यावर हे दांपत्य निघाले आणि ऐन मध्यावर पोहोचते तोच दिवा लाल झाला. चारी बाजूंनी भोंगे वाजू लागले. बाईंनी उडी मारली, त्या सावरल्या, परंतु दोन किलो वांगी एका बसखाली गेली.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. "अहो, ऐका. भोगीला या गावात जुनंपानं घराबाहेर काढतात. तोवर तुमच्या त्या दिव्याला अक्कल आली तर ठीक. नाहीतर या भोगीला सायकल भंगारात."

"दिव्याला अक्कल नसते, कमलिनी. त्याला कालमर्यादा असते."

"मग ती तरी वाढवून आणा."

मिरजेहून येऊन बाईंना तीस वर्षे झाली होती. भोगीची भाजी त्या मिरजेची करीत आणि भोगीची साफसफाई चेन्नईची. दोन्हींत हयगय नसे. म्हणजे मुदत खरी होती.

दिनानाथ कामाला लागले. त्यांनी पुढच्या चाकाच्या एका आरीला लाल दोरा बांधला, चौक ओलांडताना चाकाचे फेरे मोजले आणि रुंदी काढली : बेचाळीस मीटर. कारखान्याने निरोपसमारंभात दिलेल्या स्टॉपवॉचने दिव्याची वेळ घेतली : सोळा सेकंद. मग अर्ज केला. अर्ज तमिळमध्ये होता, आणि दिनानाथांची तमिळ वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांवरून शिकलेली असल्यामुळे ती वाचणाऱ्याला उठून उभे राहावेसे वाटे. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. सातव्या अर्जानंतर मात्र त्या चौकाचे वाहतूक उपनिरीक्षक वेंकट स्वतः त्यांच्यापाशी आले.

"सार, तुमचे अर्ज मी घरी नेतो. माझे वडील मोठ्याने वाचतात. म्हणतात, अशी तमिळ आता कोणी लिहीत नाही."

"परंतु अर्जातील आशयाचे काय?"

"आशय काय, सार? सायकलला सोळा सेकंद पुरत नाहीत, एवढंच ना? दाखवा मला. माझ्यासमोर ओलांडा. नाही पुरले, तर वेळ वाढवण्याची शिफारस आजच्या आज वर पाठवतो."

दिनानाथांचा आनंद पोटात मावेना. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो वस्तू मापल्या होत्या. आता एक संपूर्ण चौक मापायचा होता, तोही सरकारी साक्षीदारासमोर. त्यांनी नियमाला धरून तयारी केली. सायकल रॉकेलने धुतली, साखळीला तेल दिले, दोन्ही चाकांत हवा भरली. हँडलची पिशवी, जेवणाचा डबा, छत्री, मागच्या चाकाचे अवजड कुलूप, हे सारे परके द्रव्य म्हणून काढून ठेवले. दिवस निवडला रविवार, कारण रहदारीचा व्यत्यय नको. वेळ निवडली पहाटे साडेसहाची, कारण मार्गळी या तमिळ महिन्यातला तो गारवा प्रमाणित तापमानाच्या त्यातल्या त्यात जवळचा. आदल्या रात्री ते लवकर निजलेही.

रविवारी चौकात एक गाय आणि वेंकट यांखेरीज कोणी नव्हते. दिवा हिरवा झाला. सायकल अशी सुटली की कमलिनीबाईंनी पाहिली असती तर ओळखली नसती.

"तेरा सेकंद," वेंकट घड्याळ पाहून म्हणाले. "सार, तीन उरले!"

दुसरे माप तेरा. तिसरे बारा, कारण एव्हाना पाय मोकळे झाले होते. वेंकटांनी वहीत लिहिले, "बदलाची आवश्यकता नाही," आणि हळूच विचारले, "सार, वय काय म्हणालात? एकसष्ट?"

दिनानाथ घरी आले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. तीन मापे, एक निष्कर्ष. यावर अपील नसते. ते अंगणात बसले, कपाटातून जुनी लाल चिठ्ठी काढली, तीवर सुवाच्य अक्षरात "अस्वीकृत" असे लिहिले आणि ती सायकलच्या हँडलला बांधली.

कमलिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी चिठ्ठी पाहिली, धुतलेली सायकल पाहिली, ओट्यावर ओळीने मांडलेला डबा, छत्री, पिशवी आणि कुलूप पाहिले.

"हे सगळं इथे कसं?"

"मापनापूर्वी बाह्य वस्तू काढाव्या लागतात."

"आणि मी?"

"तू तर झोपली होतीस."

"म्हणजे मीसुद्धा बाह्य वस्तूच!" बाईंचा आवाज चढला. "तीस वर्षं मला कॅरिअरवर घालून हिंडलात. वांगी माझी गेली, उडी मी मारली. आणि मोजायच्या दिवशी मीच नाही? अहो, नवरदेव आंघोळ करून बोहल्यावर चढतो तेवढ्यावरून तो रोज तसाच दिसतो, असं कोणी धरतं का?"

चौतीस वर्षांत दिनानाथांच्या मापनपद्धतीतील दोष कोणी दाखवला नव्हता. दाखवला तोही इतका बिनतोड, की त्यांना पत्नीविषयी एकाएकी व्यावसायिक आदर वाटू लागला.

"मळ हाच येथे वस्तूचा भाग होता," ते पुटपुटले.

"मळ कोणाला म्हणता?"

भोगीला तीन दिवस उरले होते. सोमवारी सकाळी पावणेनऊला, म्हणजे वसाहतीतील सारे कामगार सायकली घेऊन दिव्यापाशी दाटतात त्या वेळी, खांबेटे दांपत्य चौकात हजर झाले. डबा, छत्री, पिशवी, कुलूप सर्व यथास्थान होते. कॅरिअरवर कमलिनीबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर, पुराव्यादाखल, दोन किलो वांगी होती. बाजारात घासून घासून तेज झालेल्या तमिळमध्ये त्यांनी वेंकटांना हाक मारली, "अहो दादा, रविवारी पाहिलंत ते स्वप्न. संसार आज बघा!"

वेंकट हसले, पण घड्याळ काढले. हिरवा दिवा लागला. पुढच्या मोटारसायकली हलेपर्यंतच चार सेकंद गेले. मग सायकल निघाली, डुलली, सावरली, आणि रांगत पलीकडे पोहोचली.

"तेवीस," वेंकट म्हणाले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "सार, रविवारी बारा आणि आज तेवीस? मुद्दाम सावकाश चालवत नाही ना?"

दिनानाथांचा चेहरा पांढरा पडला. चोरीचा आळ त्यांनी सोसला असता. माप खोटे केल्याचा आळ सोसणे अशक्य होते. ते सायकलवरून उतरले आणि अग्रलेखी तमिळमध्ये गरजले, "महोदय, आपण स्वतः या द्विचक्रीवर आरूढ व्हावे! भार मात्र तितकाच असला पाहिजे. माझ्या धर्मपत्नीचे वजन, या महिन्याच्या एक तारखेस, उपाशीपोटी, अडुसष्ट किलो चारशे ग्रॅम आहे!"

चौकातील ती भाषा इतकी शुद्ध होती की शेवटच्या रांगेतील सायकलस्वारालाही आकडा स्पष्ट ऐकू आला. "चारशे ग्रॅम वांग्यांचे असतील, आजोबा!" कोणीतरी ओरडले. कमलिनीबाईंनी पतीकडे पाहिले. ते पाहणे तीन वेळा मोजण्याची गरज नव्हती.

वेंकटांचा आता मानाचा प्रश्न झाला होता. बाईंच्या जागी त्यांनी आपल्या ऐसपैस हवालदाराला कॅरिअरवर बसवले, पायजमा आवरावा तशी खाकी विजार आवरली आणि पुढच्या हिरव्या दिव्याला निघाले. मध्यावर पोहोचतात तोच दिवा लाल. डावीकडून बसने भोंगा दिला. गणवेश दिसूनही दिला. वेंकटांनी घाईघाईने हात वर करून सारी रहदारी थोपवली आणि धापा टाकत पलीकडे गेले.

"सव्वीस सेकंद," दिनानाथांनी घोषित केले. "आणि हात दाखवलात, ही सवलत नागरिकांस उपलब्ध नाही."

सायकलींच्या रांगेतून टाळ्या पडल्या. हवालदार उतरून गुडघे चोळू लागला. वेंकटांनी घाम पुसला, वही काढली, रविवारची नोंद एका रेघेने खोडली आणि विचारले, "सार, किती लिहू?"

"तेवीस. सव्वीस मागणे लोभाचे होईल."

शिफारस त्याच दिवशी वर गेली. भोगीच्या आदल्या संध्याकाळी खांबावर चढलेला मनुष्य उतरला तेव्हा दिनानाथ खाली स्टॉपवॉच घेऊन उभेच होते. तीन मापे घेतली : तेवीस, तेवीस, तेवीस. घरी येऊन त्यांनी हँडलची लाल चिठ्ठी सोडली आणि हिरवी बांधली. चिठ्ठी सोडवण्याची ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच वेळ.

"सायकल राहिली," ते दाराशी येऊन म्हणाले.

"राहू दे," कमलिनीबाई आतून म्हणाल्या. "पण भोगीला घरातून काहीतरी गेलंच पाहिजे. मी काढून ठेवलंय."

ओसरीवर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला होता.

"अगं, हा अगदी अचूक आहे!"

"म्हणूनच."

दिनानाथांना चौकातले सायकलस्वार आठवले. भोगीच्या सकाळी त्यांनी तो काटा कॅरिअरला सुतळीने बांधला. भंगारवाला चौकाच्या पलीकडे होता. हिरवा दिवा लागला, आणि डबा, छत्री, कुलूप व काटा यांसह ते एकोणीस सेकंदांत पलीकडे पोहोचले. उरलेले चार सेकंद ते काठावर थांबून मागे वळून पाहत राहिले. शेवटची सायकल पार होईपर्यंत दिवा हिरवाच होता.

मग भंगारवाल्याकडे जाऊन त्यांनी काटा उतरवला, आणि तो त्याच्या हाती देण्यापूर्वी खिशातल्या रुमालाने स्वच्छ पुसला.