शेऱ्याच्या रकान्यातली विनंती

ऑफिसात त्यांना सगळे टोकदार म्हणायचे. नव्याने आलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एका साहेबांनी तर त्यांच्या रजेच्या अर्जावर 'श्री. टोकदार यांना मंजूर' असं लिहून टाकलं होतं. खरं कारण एवढंच की नगरपालिकेच्या या ड्राफ्ट्समनच्या पेन्सिलीला सदैव टोक असे. दर तासाला ते उठायचे, खिडकीशी जायचे, ब्लेडने पेन्सिल तासायचे आणि सालपटं कागदाच्या पुडीत बांधून खिशात घालायचे. जमिनीवर पडलेलं सालपट त्यांना खपत नसे. असा माणूस आयुष्यात एकदा वाकडी रेघ काढून बसला, आणि तीही मुद्दाम, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. त्यांनी ते सांगितलंही नाही. पंधरा वर्षं.

झालं असं. त्या साली निवडणुकीआधी वॉर्ड नव्याने पाडायचे ठरले. साहेबांनी टेबलावर लोकसंख्येचा तक्ता आपटला आणि म्हणाले, "प्रत्येक वॉर्डात माणसं सारखी बसली पाहिजेत. कुठून कापायचं ते तुम्ही बघा, पण आकडे जुळले पाहिजेत." टोकदारांना आकडे जुळवायला आवडायचं. आठ दिवस ते नकाशावर वाकून होते. काचकारखान्यामागची कामगारांची वस्ती मोठी होती आणि आजवर ती सबंध एका वॉर्डात असायची, त्यामुळे तिथला कुणीतरी दरवेळी निवडून यायचाच. नव्या हिशेबात ती अडचणीची ठरत होती. टोकदारांनी तिचे तीन तुकडे केले आणि तीन शेजारच्या वॉर्डांना जोडून दिले. आकडे असे बसले की साहेबांनी पाठीवर थाप मारली. वस्ती तोडावी असं साहेबांच्या मनात होतं की नव्हतं, ते साहेबांनाच ठाऊक. आपण विचारलं नाही, हे मात्र टोकदारांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्याच वस्तीत त्यांची ताई राहत होती.

ताईचं घर गल्लीच्या टोकाला, रुंद रस्त्याला लागून. रस्त्याच्या पलीकडे बंगले. वॉर्डाची हद्द त्या रस्त्याच्या मधोमध जात होती, सरळ, पट्टी लावून काढलेली. टोकदारांनी ती पेन्सिलीने काढली, आणि मग बराच वेळ ताईच्या घराच्या ठिपक्याकडे बघत बसले. बंगल्यांच्या बाजूला पाणी दोन वेळा यायचं, दिवे लागायचे, खड्डे बुजायचे. ताई सकाळी चार घागरी घेऊन कारखान्याच्या नळावर रांगेत उभी राहायची. ताईने त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आई गेल्यावर त्यांच्या शर्टाची बटणं तीच लावायची. त्यांनी खोडरबर उचललं, रेघेचा बोटभर भाग पुसला, आणि हद्दीला एक छोटंसं पोट काढून ताईचं घर तेवढं बंगल्यांच्या वॉर्डात घेतलं.

नियमाप्रमाणे रेघ जिथे वाकेल तिथे रजिस्टरात शेरा लिहावा लागे. टोकदारांनी लिहिलं, 'स्थानिक विनंतीनुसार.' ऑफिसात दहापैकी आठ शेरे हेच असायचे, कुणी कधी वाचत नसे. विनंती कुणी केलीच नव्हती. ताईला तर कल्पनाही नव्हती.

नळ आला नाही तो नाहीच. वॉर्ड बदलला म्हणून पाइपलाइन रस्ता ओलांडून येत नसते, एवढं नकाशे काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

निवडणुकीला वस्तीने नर्सबाईंना उभं केलं. या कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स, ताईच्या जिवाभावाच्या. अर्ध्या वस्तीला त्यांनी टोचलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला दटावलेलं होतं. वस्तीत चोवीस तास उघडा राहणारा दवाखाना आणायचा, एवढी एकच गोष्ट त्या मागत होत्या. त्यांची आणि ताईची गल्ली एकच, ती मधल्या तुकड्यात होती, वस्तीचा सगळ्यात मोठा तुकडा तोच. ताई महिनाभर त्यांच्यासोबत दारोदार फिरली. मतदानाच्या दिवशी नेहमीसारखी पहाटेच शाळेत जाऊन रांगेत पहिली उभी राहिली. यादीत नाव नाही. नवऱ्याचं नाही, दिराचं नाही, सासूबाईंचंही नाही. कारकून म्हणाला, "तुमचं घर पलीकडच्या वॉर्डात. क्लबच्या हॉलमध्ये जा." ताई क्लबच्या हॉलमध्ये गेली. तिथे ज्यांची नावं तिने जन्मात ऐकली नव्हती अशा दोघांपैकी एकाला मत देऊन ती घरी आली आणि स्वयंपाकाला लागली.

नर्सबाई तीन मतांनी पडल्या.

वस्तीला बेरीज-वजाबाकी शिकवावी लागत नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर हिशेब झाला: कोपऱ्यावरच्या घरात मतं चार, आणि बाई पडल्या तिनांनी. कुणी ताईला दोष दिला असं नाही. ती आली की बोलणं जरासं थांबायचं, एवढंच. तिला 'बंगलेवाल्या' असं नाव पडलं, थट्टेत. नर्सबाई तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत, पण येणं-जाणं कमी झालं आणि मग राहिलंच.

त्यापुढच्या खेपेला वस्तीतले निम्मेही मतदानाला गेले नाहीत. तिन्ही वॉर्डांत त्यांचा माणूस दुसरा यायचा, आणि दुसऱ्या नंबराला खुर्ची नसते. "आमची मतं मोजतात रे," ताई एकदा भाजी निवडता निवडता टोकदारांना म्हणाली, "पण मोजून झाल्यावर ती जातात कुठे कोण जाणे." ती स्वतःही जायची बंद झाली. टोकदारांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.

नशिबाने थट्टा करायची म्हटली की ते ती पुरती करतं. मतदान का घसरलं हे शोधायला ऑफिसने एक नकाशा करायला घेतला. जास्त मतदान तिथे गडद निळा, कमी तिथे फिका. काम अर्थातच टोकदारांकडे. वस्तीचे तिन्ही तुकडे त्यांनी स्वतःच्या हाताने फिके रंगवले. वर साहेब म्हणाले, "या लोकांना लोकशाहीची कदरच नाही हो." टोकदार म्हणाले, "हो साहेब." त्या 'हो साहेब'ची त्यांना आजही शरम वाटते. घरी येऊन ते जेवले नाहीत, आणि बायकोने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले.

मग ते निवृत्त झाले. ब्लेड आणि पट्टी घरी आली. आणि यंदा पुन्हा वॉर्ड पाडायचे ठरले, हरकती मागवल्या गेल्या. ताई सकाळीच त्यांच्या दारात.

"बाळ," ती म्हणाली. साठी ओलांडलेल्या टोकदारांना बाळ म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. "वस्तीने हरकत घ्यायची ठरवलीय. नकाशा जोडावा लागतो म्हणे. मी सांगून बसले, माझा भाऊ काढून देईल. ऑफिसात होता, त्याला सगळं माहीत आहे."

"सगळं माहीत आहे," टोकदार म्हणाले. सांगायला यापेक्षा चांगली वेळ आली नसती. त्यांनी विचारलं, "चहा घेतेस?"

तीन दुपारी खपून त्यांनी नकाशा काढला. सबंध वस्ती एका वॉर्डात, आकडे चोख, रेघ रस्त्याच्या मधोमध, सरळ. इतकं सुंदर काम त्यांनी नोकरीतही केलं नव्हतं. काढताना त्यांना वाटत होतं, हे मान्य झालं की जुनी रेघ पुसली जाईल आणि आपण सुटू. कुणाला काही सांगायलाच नको. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवू बघतो!

सुनावणीला वस्तीतले तीसेक लोक आले होते. काठी टेकत नर्सबाईही आल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी ताई त्यांच्या शेजारी बसली. सुनावणी घेणारी अधिकारी वयाने लहान आणि कामाला तत्पर. तिने नकाशा बघितला, मान डोलावली आणि जुनं रजिस्टर उघडलं.

"इथे रस्त्यालगत हद्द वळवली होती," ती म्हणाली. "तुमच्या नकाशात ते वळण काढलंय. पण रजिस्टरात शेरा आहे, 'स्थानिक विनंतीनुसार'. ज्यांनी विनंती केली त्यांची आता हरकत नाही ना?"



"विनंती?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्या वळणात एकच तर घर आहे."

नर्सबाईंनी हळूच मान वळवून ताईकडे पाहिलं. "तू केली होतीस?"

"मी नाही," ताई म्हणाली. "मी कशाला करीन? मला तर काही माहीतच नाही."

"कागदावर आहे की!" मागचा माणूस म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. हसणं फार काही दुष्ट नव्हतं. ताईने पदर सारखा केला आणि खाली बघत बसली.

टोकदार दुसऱ्या रांगेत होते. उठायला हवं होतं. त्यांच्या पायांना ते कळत होतं, तरी ते उठले नाहीत. अधिकारीबाईंनी नोंद केली आणि पुढची हरकत घेतली. एका गृहस्थांना आपल्या गल्लीचं नाव नकाशात चुकलंय अशी तक्रार होती, आणि ती त्यांनी सविस्तर मांडली. तेवढा वेळ ताईची मान खालीच होती. शाळेत टोकदारांकडून काच फुटली होती तेव्हा ताईने जाऊन मास्तरांना सांगितलं होतं, मी फोडली. ते आठवलं तसे ते उठले.

"ती विनंती कुणीच केली नव्हती," ते म्हणाले. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. "मी लिहिलं ते. रेघही मीच वाकवली."

"आपण कोण?"

"तेव्हाचा ड्राफ्ट्समन." एवढ्यावर थांबता आलं असतं. "आणि यांचा भाऊ."

मग जो गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. अर्ध्यांना वाटलं बहिणीनेच करवून घेतलं, अर्ध्यांना वाटलं नाही. नकाशा मान्य झाला, वस्ती एका वॉर्डात आली, पण त्या गडबडीत टाळी वाजवायची कुणाला आठवण राहिली नाही.

बाहेर फुटपाथवर ताई उभी होती. टोकदार जवळ गेले.

"तुला नळ मिळावा म्हणून केलं गं."

"मला विचारायचंस तरी," ताई म्हणाली. ती रडत नव्हती, आणि तेच त्यांना सोसवेना. "पंधरा वर्षं मी तिच्या दारावरून मान खाली घालून जातेय, आणि माझा गुन्हा काय ते मला आज कळतंय. तुला रोज माहीत होतं. माझ्या घरी येऊन जेवून जात होतास."

टोकदारांनी तिची पिशवी धरायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

"माझ्यासाठी उठलास तेवढं पुरे नाही," ती म्हणाली. "तिच्या दाराशी चल."

नर्सबाईंची खोली लहान, नीटनेटकी. खाटेशेजारी औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. त्या त्यांच्याआधीच रिक्षाने घरी पोचल्या होत्या. टोकदारांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खोडरबरापासून शेऱ्यापर्यंत, काही न लपवता. आपल्यामुळे तुम्ही पडलात, असंही म्हणाले.

नर्सबाई ऐकत होत्या. मग हिशेबी आवाजात म्हणाल्या, "चारही मतं मलाच पडली असती कशावरून?"

"सासूबाईंचं पडलं नसतं," ताई पटकन बोलून गेली. "तू त्यांना तंबाखू सोडायला सांगितली होतीस. मेल्या पण माफ नाही केलं तुला."

दोघी हसल्या. पंधरा वर्षांनी एकत्र, आणि चांगल्या मोठ्याने. टोकदारांच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. म्हणजे तीनच मतं. तिनांनी पडल्या, तीनच मिळाली असती, तरी त्या काही जिंकल्या नसत्या. "म्हणजे मतं समसमान झाली असती," ते म्हणाले, आणि आवाजात आलेली सुटका त्यांची त्यांनाच ऐकू आली. "मग चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी दुसऱ्याच्याही नावाची निघू शकली असती."

नर्सबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर नीट केलं आणि टोकदारांकडे पाहिलं. दारात आलेल्या आजाऱ्याकडे बघावं तसं, न रागावता.

"निघाली असती की," त्या म्हणाल्या. "पण टाकली तर असती ना चिठ्ठी?"