शटरवरचे चेनवाले काका

चेनवाल्या काकांचा उजवा कान माझ्या शर्टाला लागला. म्हणजे खरा नव्हे, त्यांच्या दुकानाच्या शटरवर रंगवलेला. चपलेचा पट्टा लावायला मी शटरला टेकलो आणि रंग ओला निघाला. मी पाया पडायच्या बेतात होतो, तर चित्रकार बाई उलट खूश. म्हणाल्या, "राहू दे तसाच, छान जुनं वाटतंय!"

काका बॅगांच्या बिघडलेल्या चेन दुरुस्त करायचे. गल्लीतलं एकही दप्तर त्यांच्या चिमट्यातून सुटलं नसेल. चेनचा रनर ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्या शिव्याही बोबड्या आणि प्रेमळ वाटत.

मग आमच्या जुन्या बाजारपेठेत जीव ओतायला एक समिती आली. गल्ली म्हणजे वारसा आहे, असं तिनं जाहीर केलं.

"ऐकलंस? मी वारसा आहे," काका घरी म्हणाले.

"मग अंघोळ तरी वेळेवर करत जा," काकू म्हणाल्या.

समिती काकांचं चित्र बाजूच्या भिंतीवर काढणार होती. काकाच हटून बसले. "आडबाजूला कोण बघणार? शटरवर काढा!" इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत बसले. चित्र झकास उतरलं. चिमटा, चष्मा, ओठांतला रनरसुद्धा.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं शटर वर ढकललं आणि चित्रातले काका गुंडाळले गेले. फोटोला उभी राहिलेली मंडळी ओरडली, "अहो, खाली घ्या ना!"

समितीचे साहेब धावत आले. "काका, दिवसा शटर बंदच ठेवायचं. जागेच्या मालकांनी तशी सही दिलीय."

"मग मी काम कधी करू?"

"पाहुणे गेले की. अंधार पडल्यावर."

"अंधारात गिऱ्हाईक काय तुमचा बाप आणणार?"

"चिडता काय? अहो, तुमचा चेहरा कुठल्या कुठे पोचला!"

जागा भाड्याची. मालकापुढे काकांची डाळ शिजली नाही. गिऱ्हाईक यायचं, बंद शटर बघायचं, चित्राचा फोटो काढायचं आणि पुढच्या दुकानातून नवी बॅग घेऊन जायचं. काका समोरच्या पायरीवर बसून हे बघत राहायचे. ओठांत रनर नसल्यामुळे त्यांचं बोलणं आता स्पष्ट झालं होतं, आणि लागायचंही.

परवा मी तोंड वासलेली बॅग घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काका, दुकान पुन्हा दिवसा कधी उघडणार?"

त्यांनी समोरच्या चित्राकडे बोट केलं.

"त्याला विचार, आणि जरा मोठ्यानं विचार, त्याचा एक कान तू पुसलायस."