इस्लापूरची चौकट

भूतबित, करणीबिरणी मी कधीच मानलं नाही. नांदेडला कॉलेजात गणित शिकवतो. मानून चालेल कसं? पण गणितवाल्याची अक्कल कुठवर पोचते, ते आधी सांगतो...

माझी थोरली बहीण सुनंदाताई लातूरला असते. तिचा चार बायकांचा गट कारळाची चटणी ऑनलाइन विकतो. पार्सलला कुठल्या गावचा किती दर लावायचा, हे वेबसाइटवर चित्र काढून ठरवता येतं — चौकटी मांडायच्या, बाणांनी जोडायच्या. ऑर्डर बाणांवरून चालत जाते आणि दर घेऊन बाहेर पडते. ताई म्हणाली, कुणाकडून तरी करून घेते. मी म्हणालो, मी मेलोय का?

बसलो... आणि चक्क एसटीचा रूट काढला. लातूर, मग लोहा, मग नांदेड, मग उमरी. आमच्या डोक्यात गाव म्हटलं की थांबाच येतो. त्यामुळे उमरीची ऑर्डर लोह्याचा दर, नांदेडचा दर आणि स्वतःचा, असे तिन्ही गोळा करत निघायची. चटणीपेक्षा पार्सल महाग. दोन दिवस एकही गिऱ्हाईक नाही.

ताईचा फोन. "बाळ्या, काय करून राहिलास तू? बायका चटणी कुटून बसल्यात. शनिवारपर्यंत खपली न्हाई तर गट सोडतो म्हणतायत."

शुक्रवारी सकाळी तीन तास डोकं फोडलं. एक बाण जोडला की दोन तुटायचे. शेवटी लॅपटॉप बंद करून पिशवीत कोंबला आणि लातूरची गाडी धरली. माफी तरी तोंडावर मागावी. लोह्याला गाडी थांबली, तेव्हा ताईचा पुन्हा फोन — जमवलंस की, सात ऑर्डरी आल्या.

लॅपटॉप तिच्या घरीच उघडला. माझा रूट गायब. प्रत्येक गावाला स्वतंत्र, सरळ बाण. इतकं नीट काम माझं नसणार, हे कुणीही सांगेल. आणि कोपऱ्यात एक जास्तीची चौकट : इस्लापूर, दर शून्य. तिथं ना आमचं कुणी, ना कधी तिथून ऑर्डर. बदल करणाऱ्याचं नाव माझंच; वेळ मी गाडीत होतो तेव्हाची.

मला राहवेना. ती चौकट पुसली. झटक्यात माझा एसटीचा रूट परत, जसाच्या तसा. चौकट हाताने पुन्हा मांडली, तरी रूट हलेना. वेबसाइटवाल्यांना फोन केला. पलीकडचा म्हणे, बदल तुमच्याच नावावर दिसतोय सर. चौघी बायका माझ्याकडे बघत होत्या. वैतागून चहाला स्वयंपाकघरात गेलो, त्याही मागोमाग आल्या. परतलो, तर सगळं नीट... आणि इस्लापूर जागेवर.

"आता हात लावू नको," ताई म्हणाली. "जो कोण हाय, त्याला तुझ्यापेक्षा बरं येतंय."

शनिवारी चटणी संपली, गट टिकला. ताईने पासवर्ड बदलला आणि मला सांगितलाही नाही. वर गेल्या महिन्यात तिने उमरीचा दर वाढवायचं मनात आणलं, उघडून बघते तर वाढलेला. मला विचारत होती, तू केलंस का म्हणून.

कशाचाच उलगडा मला आजतागायत झालेला नाही. भीती वगैरे काही वाटत नाही हो. चीड येते... तो कधी चुकतच नाही.