आजीच्या चर्चमध्ये पॅनकेक

डीना बूर्सेमा चिडली की आधी भांडी घासते. घासलेलीसुद्धा पुन्हा घासते. त्या सकाळी तिच्या स्वयंपाकघरातली पातेली आमच्या अंगणापर्यंत ऐकू आली, तेव्हाच मी ओळखलं, भाचा आलाय आणि सहलीचा बेत पुढे सरकलाय. त्यांचं खोरं परत करायच्या निमित्ताने मी आत शिरलो.

ट्रेंट म्हणजे डीनाच्या भावाचा मुलगा. ऑफिसच्या कामासाठी तो हॉलंडला निघाला होता आणि "आत्या, चल माझ्याबरोबर, ग्रोनिंगनला शुक्रवार ते सोमवार राहू," असं म्हणून बसला होता. ग्रोनिंगन हे डीनाच्या आजीचं गाव. गावाला चहूकडून कालवा, घरांना लागून होड्या. आजी तिथून तरुणपणी बोटीने निघाली ती अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या झीलंडला येऊन रुजली. डीना मात्र मिशिगनबाहेर आजवर दोनदाच गेली. दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही लग्नांना तिने नावं ठेवली.

जन्मभर तिने शाळेची बस चालवली. त्या बसमध्ये कुणी उभं राहिलं नाही, कुणी च्युइंग गम चघळला नाही. आज गावातले अर्धे दुकानदार तिच्यासमोर आले की अजून हात खिशातून काढतात.

तिला कालवे बघायचे नव्हते. पुलांवरून फोटो काढायचे नव्हते. वाटाणे सोलता सोलता आजीने तिला जुन्या भाषेत एक स्तोत्र शिकवलं होतं. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ डीनाला माहीत नाही, पण एकही शब्द चुकत नाही. आजी ज्या चर्चमध्ये कमानीखाली ते म्हणायची तिथे रविवारी सकाळी उभं राहून ते एकदा म्हणायचं, एवढीच तिची इच्छा.

"आणि ह्याने काय ठरवलंय बघ," खोरं माझ्या हातातून ओढून घेत ती म्हणाली. "रविवारी सकाळी कालव्यातून फेरी!"

"अगं आत्या, बसून तर राहायचंय," ट्रेंट म्हणाला.

"होडी कोण चालवणार?"

"होडीवाला."

"म्हणजे माझ्या करमणुकीसाठी त्याने रविवारी राबायचं?"

"तो माझ्यासाठी राबेल. तू नुसती शेजारी बस."

पेपरमागे डीनाचा नवरा मार्व खुसखुसला आणि खोकल्याचं सोंग केलं.

आमच्याकडे रविवार म्हणजे रविवार. विकत घेणं नाही, विकणं नाही, गवत कापणं तर नाहीच. एकदा कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूने रविवारी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, तर डीना चर्चच्या कपड्यांत त्याच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. तो बिचारा अर्धं अंगण तसंच ठेवून घरात गेला. आणि एकदा रविवारी गाडीतलं पेट्रोल संपलं, तेव्हा पंप समोर दिसत असताना ती उंच टाचांच्या बुटांत घरापर्यंत चालत आली. मार्व मागून बूट बदलायला सांगत होता. बदलायला दुसरे बूट कुठे होते?

होडी रद्द झाली. मग ट्रेंटने तिकडच्या फोक्कोला फोनच्या पडद्यावर समोर आणलं. फोक्को हा डीनाचा दूरचा चुलतभाऊ. तोंड अगदी तिच्या वडिलांचं.

"ये ना डीना," तो म्हणाला. "शनिवारी कॉफीला. चार ते साडेपाच."

"साडेपाचला काय आहे?"

"साडेपाचला तू निघायचंस."

"मी समुद्र ओलांडून येतेय, फोक्को!"

"म्हणून तर दीड तास ठेवला. बहिणीला मी एकच देतो."

तेवढ्यावर भागलं असतं. पण मार्वने पेपर खाली घेऊन विचारलं, "ते चर्च किती वाजता भरतं?"

फोक्को गोंधळला. "चर्च? तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तिथे आता पॅनकेक मिळतात. बरे असतात."

डीनाने विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आमच्याकडे भांडण झालं की अर्धे लोक चर्च सोडतात आणि समोरच्या कोपऱ्यावर दुसरं बांधतात. बंद कुणी करत नाही.

"पॅनकेक!" तिने पातेलं आपटलं. "माझ्या आजीचा बाप्तिस्मा झाला तिथे! पाक ओततात?"

"रविवारी गर्दीही असते," फोक्को भाबडेपणाने म्हणाला. "बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं."

"शनिवारी जाऊन गा ना, आत्या."

"आजी शनिवारी गायची का?"

"मग पैसे मी देतो," फोक्को म्हणाला. "मी कुठे देव मानतो!"

"बायबलमधली रविवारची आज्ञा दारात आलेल्या परक्यालासुद्धा लागू आहे, फोक्को. मानू नकोस, निदान वाच तरी!"

"मग राहू दे," मार्व हळूच म्हणाला. "नको जाऊस."

डीनाने नळ बंद केला. हात पुसले. "तिकीट परत कर, ट्रेंट," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला चिडलेलं आम्ही रोज बघतो. तिचे खांदे असे उतरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

ट्रेंटने तिकीट परत केलं नाही. त्याने थेट त्या पॅनकेकवाल्यांना फोन लावला आणि आत्याच्या हातात दिला. पलीकडे लोनेके नावाची मालकीणबाई होती.

"तिथली ती कमान अजून आहे का?" डीनाने दरडावून विचारलं.

"आहे. तिथेच तवे आहेत."

"छे छे! मला रविवारी तिथे गायचंय. खाणार नाही, पिणार नाही, विकत काही घेणार नाही."

"काय गाणार, मावशी?"

सांगण्यापेक्षा म्हणून दाखवणं सोपं म्हणून डीनाने सुरू केलं. एकेक अक्षर लांबवत, आजीसारखं. दुसऱ्या ओळीला फोनमधून तिचा आवाज घुमून परत आला. लोनेकेने फोन मोठ्या आवाजावर टाकला असावा. तव्यांचा चरचराट थांबला. तिसऱ्या ओळीला कुठूनतरी एक जाड, म्हातारा आवाज तिच्यात मिसळला आणि शेवटापर्यंत सोबत राहिला.

"ते आमचे भांडी घासणारे काका," लोनेके म्हणाली. "आम्ही अकराला उघडतो, मावशी. दहाला मागच्या दाराने या. दुकान बंद असतं, तेव्हा मागवायचा प्रश्नच नाही."

डीनाने फोन ठेवला. मार्वने तिला रुमाल दिला. तिने त्या रुमालाने ओटा पुसला.

"ऐकलंस?" ती माझ्याकडे वळून फणकारली. "काय घाईत म्हणत होता तो माणूस! शब्द पाठ, पण बस चुकत असल्यासारखं! रविवारी जाऊन त्याच्याकडून नीट म्हणून घ्यायला हवं."